खड्ड्यातल्या बाटल्या आणि दोन वर्षांची माती



मे ते ऑक्टोबर शेतातली एकही नोंद टाकली नाही, कारण शेतातच नव्हतो. लेकीचं बाळंतपण होतं म्हणून मी आणि आमची कारभारीण अमेरिकेला, पेनसिल्व्हेनियाला गेलो होतो. उसाचा खोडवा धाकट्या भावाच्या हवाली केला. कारभारणीला तिकडं कामच काम. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाची मालीश, अंघोळ. मला काय काम? सकाळी उठून दुसऱ्याच्या अंगणातलं गवत बघायचं. तीस-पस्तीस वर्षं मातीत हात घातलेला माणूस, आठ दिवसांत वेड लागायची पाळी आली.

बऱ्याच जणांनी विचारलं, तिकडची शेती कशी आहे, मका कसा आहे, ट्रॅक्टर केवढे आहेत. ते पुढं कधीतरी लिहीन. आज तिकडं मी जे केलं ते लिहितो. मी तिकडं संडासाचे खड्डे उकरले. हसू नका, सगळं वाचा. शेवटी शेतीचंच सांगायचंय.

लेकीच्या शेजारी एक म्हातारा राहतो. सत्तरी ओलांडलेली, पूर्वी कारखान्यात फिटर होता. शनिवार-रविवार त्याचे दोन मित्र येतात, गाडीत फावडी, बादल्या, दोर, ताडपत्र्या टाकतात आणि जातात. मला वाटलं विहिरीचं काम घेतात. जावईबापूंनी सांगितलं, जुन्या संडासाचे खड्डे उकरून त्यातल्या जुन्या बाटल्या काढायचा नाद आहे त्यांना. तिकडं हा नाद बऱ्याच लोकांना आहे. त्याचे मेळावे भरतात, बाटल्यांची देवघेव चालते. मी माझ्या दहावीच्या इंग्रजीत म्हाताऱ्याला विचारलं, मी येऊ का? त्यानं माझे हात बघितले, तळव्यावरचे घट्टे बघितले आणि हातात एक फावडं दिलं.

आता हे खड्डे काय प्रकार ते सांगतो. नळ आणि गटारं येण्याआधी तिकडं प्रत्येक घराच्या मागं, परसात, बहुतेक हद्दीच्या कडेला, लाकडी खोपट्यात संडास असायचा. खाली खड्डा. खेड्यात नुसता मातीचा नाहीतर फळ्या लावलेला, शहरात दगडा-विटांनी बांधून काढलेला, आपल्या आडासारखा गोल. फिलाडेल्फियासारख्या जुन्या शहरात वीस फुटांच्या वर खोल खड्डेसुद्धा निघालेत. कचरा न्यायला रोज गाडी येत नव्हती. मग फुटलेली बशी, तुटलेली बाहुली, रिकामी बाटली, सगळं त्याच खड्ड्यात. पुढं संडास घरात आला तेव्हा लोकांनी खड्डे राखेनं, विटांच्या तुकड्यांनी बुजवले आणि वर गवत लावलं. ते गेलं शंभर-सव्वाशे वर्षं तसंच.

जागा शोधायची त्यांची पद्धत बघून मला बरं वाटलं, कारण ती आपल्यासारखीच आहे. आधी नकाशा बघतात. तिकडं आगीच्या विम्यासाठी शहरांचे बारीक नकाशे काढायची पद्धत होती. सॅनबॉर्न नावाची कंपनी १८६७ साली सुरू झाली, तिचे नकाशे आजही मिळतात. त्यात घर कुठं, गोठा कुठं, मागचं खोपटं कुठं, सगळं दाखवलेलं असतं. मग घरमालकाची परवानगी काढायची. परवानगीशिवाय हा म्हातारा कुणाच्या जागेत काडी टोचत नाही. मग सळई. पाच-सहा फुटांची पोलादी सळई, वर आडवी मूठ. ती जमिनीत दाबत जायची. आपण पाणी दिल्यावर ओल किती खाली गेली ते बघायला सळई टोचतो, तसंच. न हललेली जमीन सळईला अडवते. भरलेला खड्डा असला की सळई सरसर खाली जाते. राख लागली की करकर हाताला कळते. काच लागली की बारीक टक् असा आवाज सळईतून वर येतो. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्यानं सळई माझ्याकडंच दिली. माझ्या हाताला ते लगेच कळायचं. त्यात माझं काही विशेष नाही, हाताला तेवढीच एक विद्या आहे.

खोदायला लागताना गवताचे चौकोनी तुकडे कापून बाजूला सावलीत ठेवतात, माती ताडपत्रीवर. संध्याकाळी सगळी माती परत आत, वर गवत जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी बघितलं तर कळणार नाही इथं माणूस उतरला होता. खड्डा तोंडाला ऐसपैस घेतात, बाजू ढासळू नयेत म्हणून फळ्या लावतात, आणि खाली माणूस असला की वर एकजण नुसता लक्ष ठेवायला उभा असतो. बाजू ढासळून माणूस गाडला जातो, ते त्यांना माहीत आहे. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का? झालं नसतं तर नेलं नसतं म्हणाला.

मी उतरलो तो पहिला खड्डा सात फुटांचा होता. वर फूटभर काळी माती. मग दोन-तीन फूट दगडी कोळशाची राख आणि विटांचे तुकडे. मग तपकिरी मुरूम मिसळलेली माती. मग चुन्याची पांढरी रेघ. वास मारू नये म्हणून वरून चुना टाकायचे, त्याची. आणि त्याच्या खाली खरा थर.

मी मनाची तयारी करून नाकाला उपरणं बांधलं होतं. ते काढलं. मंडळी, वासच नव्हता. ओल्या मातीचा, थोडा गंजलेल्या लोखंडासारखा, बस. माती काळी, हलकी, भुसभुशीत. मुठीत दाबली तर ढेकूळ व्हायचं, बोटानं टोचलं की मोकळं व्हायचं. तीन वर्षं मुरलेलं शेणखत हातात घेतल्यावर जसं वाटतं, तसं. त्यात बारीक बारीक बिया होत्या. म्हाताऱ्यानं सांगितलं, रासबेरीच्या आणि द्राक्षाच्या. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी खाल्लेली फळं. बाकी सगळं मातीनं पचवलं, टणक बिया आणि काच तेवढी राहिली.

आणखी एक गोष्ट कळली. तिकडं रात्रीच्या वेळी येऊन खड्डे उपसणारी माणसं होती. उपसलेला मैला शहराबाहेरच्या शेतकऱ्यांना विकला जायचा. आपल्याकडं त्याला सोनखतच म्हणतात. पुण्याच्या आसपासच्या उसालासुद्धा इंग्रजांच्या काळात नगरपालिकेचं सोनखत राखेत मिसळून जायचं. एखादा खड्डा तळापर्यंत रिकामा निघाला की म्हातारा हळहळायचा, हा उपसलेला आहे, यात बाटल्या नाहीत. मी मनात म्हणायचो, कुणाचा तरी मका चांगला आला असणार.

त्या दिवशी चौतीस बाटल्या अख्ख्या निघाल्या, फुटलेल्या दोन बादल्या. शिवाय कालवांचे शिंपले, चिनी मातीच्या बाहुलीचा एक हात, तंबाखू ओढायच्या पांढऱ्या मातीच्या चिलमीची नळी, दात घासायच्या ब्रशची हाडाची मूठ.

बाटलीचं वय कसं ओळखायचं तेही म्हाताऱ्यानं शिकवलं. बाटलीच्या अंगावर साच्याची जोडरेघ असते. ती रेघ मानेपाशी संपली, ओठापर्यंत गेली नाही, तर बाटली माणसानं फुंकलेली. ओठ नंतर वेगळा घडवलेला. रेघ ओठावरून पार गेली असेल तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्स नावाच्या माणसानं बाटल्या बनवायचं आपोआप चालणारं यंत्र १९०३ च्या सुमारास काढलं, त्यानंतर हळूहळू फुंकणारे गेले. बुडाला खडबडीत गोल वण असेल तर बाटली आणखी जुनी, साधारण १८६० च्या आधीची. फुंकून झाल्यावर ज्या सळईवर ती धरायचे, ती सळई तोडल्याचा तो वण. सोड्याच्या बाटलीला लावतो तो दातेरी पत्र्याचा बिल्ला १८९२ चा. आणि आपली गोटी सोड्याची बाटली! ती हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७० च्या सुमारास काढलेली. मी ती जत्रेत किती वेळा फोडलीय, म्हणजे गोटीसाठी.

काचेचं मला आधीपासून कुतूहल आहे, कारण आमच्या कराडजवळच ओगलेवाडी. तिथल्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील आमच्या घरी वीज येईपर्यंत होता, मी त्याच्याच उजेडात पाढे पाठ केलेत. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना तर १९०८ चा, लोकांनी एक एक पैसा देऊन उभा केलेला. तेव्हा एखादी बाटली हातात आली की मी आधी कुणी फुंकली असेल ते बघायचो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. एकाच थरात, हाताच्या अंतरावर, एकसारख्या सात छोट्या बाटल्या निघाल्या. गोल, करंगळीपेक्षा थोड्या मोठ्या, फिकट निळसर. अंगावर काचेतच उठवलेली अक्षरं होती, मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप. म्हाताऱ्यानं त्या धुतल्या, ओळीनं ठेवल्या आणि काही बोलला नाही. घरी गेल्यावर जावईबापूंनी सगळं समजावून सांगितलं. दात येताना रडणाऱ्या बाळांना द्यायचं हे औषध १८४९ पासून विकलं जायचं. त्यात मॉर्फिन होतं, म्हणजे अफूचाच अर्क. बाळ शांत झोपायचं. काही बाळं उठायचीच नाहीत. बाटलीवर काय आहे ते लिहिणं बंधनकारक नव्हतं. १९०६ साली तिकडं कायदा झाला, तेव्हापासून दारू, अफू, मॉर्फिन असलं काही औषधात असेल तर चिठ्ठीवर छापणं भाग पडलं.

कारभारीण नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. मी एक बाटली आणली होती, ती तिनं हातात घेतली, उलटीपालटी केली. कशाची आहे ते सांगितल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिच्याजवळ आई नसंल हो आलेली."

आपण ऐकून चुकचुकायला नको. बाळगोळी आपल्याकडंही होती आणि तिच्यात अफू असायची. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया पाळीला जाताना लेकराला अफू चाटवून जायच्या, याची तर इंग्रजांच्या काळात सरकारदरबारी नोंद झालेली आहे. आणि गिरणी कशाला, माझ्या आज्जीच्या तोंडून मी ऐकलंय. भांगलणीला जायचं, बांधावरच्या बाभळीला झोळी टांगायची, आणि मोहरीएवढा कण बाळाच्या जिभेवर. दिवसाच्या रोजाला लेकरू रडून चालत नसे. फरक एवढाच, तिकडं त्याची बाटली राहिली. आपल्याकडं कागदाची पुडी होती, ती त्याच पावसात कुजून गेली. आपल्या बायांचं असलं दुःख जमिनीत सापडणार नाही, कुणी सांगितलं तरच कळणार.

खड्ड्यात दारूच्या चपट्या बाटल्याही पुष्कळ निघतात. घरात प्यायची चोरी, मग परसात जाऊन प्यायची आणि बाटली खड्ड्यात सोडायची. शंभर वर्षांनी तिघं म्हातारे आणि एक साताऱ्याकडचा शेतकरी ती वर काढणार आहेत, हे त्याला काय माहीत! फिलाडेल्फियात अमेरिकन क्रांतीचं संग्रहालय बांधताना पायाच्या जागी असेच विटांचे बारा खड्डे सापडले, त्यांतून ऐंशी हजारांवर वस्तू निघाल्या. एका खड्ड्यातले पेले, सुरया आणि बाटल्या बघून अभ्यासकांना कळलं की त्या घरात विनापरवाना गुत्ता चालत होता. न्यूयॉर्कला फाइव्ह पॉइंट्स नावाच्या गोरगरिबांच्या जुन्या वस्तीच्या जागेवर कोर्टाची इमारत बांधताना १९९१ साली खोदाई झाली. खड्ड्यांतून आणि तळघरांतून साडेआठ लाखांच्या आसपास वस्तू मिळाल्या. त्या नीट धुऊन, नोंदी करून वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या एका इमारतीच्या तळघरात ठेवल्या. २००१ साली तो हल्ला झाला आणि दुसरीकडं दाखवायला दिलेल्या अठरा वस्तू सोडून सगळं गेलं. खड्ड्यात शंभर-दीडशे वर्षं टिकलं, वर आणल्यावर दहा वर्षं.

पुराणवस्तूवाल्या अभ्यासकांना हा बाटल्यांचा नाद आवडत नाही, हेही सांगायला पाहिजे. ते म्हणतात, बाटली निघते पण थर मोडतो, कशाच्या शेजारी काय होतं ती माहिती कायमची जाते. त्यांचं खरं आहे. सरकारी जमिनीत तर तिकडं खोदायला बंदीच आहे. आपल्याकडंही १८७८ चा कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तेव्हा हे वाचून कुणी पांढरीचं टेकाड उकरायला जाऊ नका.

आता मूळ मुद्दा. मी खड्ड्यात उभा असताना जावईबापूंनी फोटो काढला आणि भावकीतल्या पोरांना पाठवला. रात्री गावाकडनं फोन. "काय आण्णा, अमेरिकेत जाऊन संडास उपसायची पाळी आली व्हय?" मागं चार-पाच जण हसत होते. मीही हसलो. शेजारचा म्हातारा तेव्हा आमच्याकडंच चहाला बसला होता. त्यानं विचारलं, का हसताय? जावईबापूंना ते समजावून सांगायला अर्धा तास लागला. संडास उपसणं म्हणजे नुसतं घाण काम नाही, त्याला जात चिकटलेली आहे, जन्मानं ठरायचं कुणी उतरायचं ते, हे इंग्रजीत सांगताना त्यांची भाषा अडखळायची. म्हातारा ऐकून घेऊन म्हणाला, "पण तुम्ही उकरली ती तर माती होती."

त्या रात्री झोप आली नाही. मी पाचवी-सहावीला तालुक्याच्या गावी मामाकडं होतो. तिथं टोपलीचे संडास होते. घरांच्या मागं एक अरुंद बोळ, सकाळी त्या बोळातून एक बाई यायची, हातात खराटा, डोक्यावर पत्र्याचा डबा. खालचं झाकण उघडून ती टोपली ओढायची. वरून कुणीतरी पाण्याची बादली ओतायचं, ते तिच्या अंगावर उडायचं. तिला त्या दाराशिवाय दुसऱ्या दारात यायची मुभा नव्हती. त्या घरात तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. दिवाळीला तिला जे द्यायचे ते वरून टाकायचे.

कायदे झाले. १९९३ ला झाला, २०१३ ला त्याहून कडक झाला. माणसाला हातानं मैला काढायला लावणं गुन्हा आहे. टोपल्या गेल्या. पण आमच्या भागात अजून टाकी तुंबली की तालुक्याहून एका माणसाला बोलावतात. त्याच्या बापाला बोलवायचे, आता त्याला. पैसे ठरवायचे आणि उतरायच्या आधी एक बाटली द्यायची. त्याशिवाय कुणालाच उतरवत नाही, शुद्धीत ते काम होतच नाही. काम झालं की ती रिकामी बाटली तिथंच खड्ड्याच्या काठाला पडलेली असते. शंभर वर्षांनी कुणी आमचे परसू उकरले तर त्यांना ह्याच बाटल्या सापडतील, आणि ते म्हणतील इथले लोक संडासापाशी बसून दारू प्यायचे.

आता आमच्या घरचं. आमच्याकडं दोन खड्ड्यांचा संडास आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भांड्याच्या मागं एक छोटी चौकोनी कुंडी, तिच्यातून दोन वाटा, दोन खड्ड्यांना. एक वाट विटेनं बंद ठेवायची. खड्डे तीन-चार फूट खोल, कडेला जाळीदार वीटकाम, तळ कच्चा, म्हणजे पाणी जमिनीत मुरतं. एक भरला की वाट बदलायची, दुसरा सुरू. पहिला झाकून दोन वर्षं विसरून जायचा. आमचा पहिला खड्डा अडीच वर्षांपूर्वी बंद केलेला होता. तो रिकामा करायची वेळ आली होती, कारण दुसरा भरत आला.

परत आल्यावर जानेवारीत मी घरात सांगितलं, उद्या खड्डा मी काढणार. भाऊ म्हणाला, "तालुक्याच्या माणसाला फोन करतो, हजार-दीड हजार घेईल, कशाला लोकात शोभा?" भावजय काही बोलली नाही, पण तिनं तोंड फिरवलं. आई नव्वदीची, ती म्हणाली, "आंघोळ केल्याबिगर माझ्या खोलीत यायचं न्हाई." कारभारीण तेवढी म्हणाली, "मी बघितलंय तिकडची माती. काढा तुम्ही."

झाकण काढलं, दिवसभर उन्हात उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी हातमोजे, गमबूट घालून पुतण्याला वर उभं केलं आणि मी फावडं लावलं. वरचा वीतभर थर कोरडा, खाली तपकिरी, हलकी, भुसभुशीत. वास ओल्या मातीचा. पेनसिल्व्हेनियातल्या सात फुटांखाली जी माती होती तिची धाकटी बहीण. चाळीसएक घमेली निघाली. काच एकही नव्हती. शांपूच्या पुड्या होत्या, दाढीची पाती होती, जशीच्या तशी. मातीनं सगळं खाल्लं आणि प्लास्टिक आमच्यासाठी परत ठेवलं.

दुपारी योगायोगानं तोच तालुक्याचा माणूस वस्तीवर दुसऱ्याच्या टाकीचं बघायला आला होता. मला खड्ड्यात बघून रस्त्यावरच थबकला. जवळ आला, पण अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. "मालक, तुमी का उतरलाय? मला सांगायचं की."

मी म्हणलं, "ये रे, इकडं ये. बघ तरी." घमेलं पुढं केलं. त्यानं मूठभर उचललं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. त्याच्याएवढं हे काम कुणाला कळतं? बराच वेळ हातातच धरून उभा होता. मग म्हणाला, "ही तर माती हाय."

म्हणलं, "दोन वर्षं थांबलं की होते."

त्यावर तो जे बोलला ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. म्हणाला, "मालक, आमाला कुणी माती हुस्तवर थांबूनच दिलं न्हाई. भरलं की बोलवायचं."

मंडळी, मला यापेक्षा जास्त काही सांगायचं नाही. घाण आणि माती यांच्यात फरक फक्त काळाचा आहे. बाटल्यांच्या खड्ड्याला शंभर वर्षं मिळाली, माझ्या खड्ड्याला अडीच. कोणत्याही शेतकऱ्याला हे शेणावरून माहीत आहे, ताजं शेण कुणी पिकाला घालत नाही, मुरू देतो. मग माणसाच्या बाबतीत आपण का थांबलो नाही? कारण थांबायची गरजच नव्हती. खाली उतरवायला माणूस होता, तोही फुकटासारखा. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हातात खराटा घेतला, कणकवलीला गोपुरी आश्रमात संडास आणि खताचे प्रयोग केले, त्याला आता किती वर्षं झाली. २०१७ साली तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्र सरकारचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः असल्या खड्ड्यात उतरले, तेव्हा पेपरला फोटो आले होते. सचिव उतरला तर बातमी होते. ज्याला रोज उतरवतात त्याची बातमी तो मेल्यावरच येते.

तो माणूस त्या दिवशी आमच्याकडं चहा पिऊन गेला, ओट्यावर बसून, आमच्याच कपातून. आईनं बघितलं, काही म्हणाली नाही. जाताना त्यानं पिशवीभर ती माती मागून घेतली, दारात लिंबाचं झाड आहे म्हणाला.

आता कामाच्या नोंदी, नीट वाचा.

खत सहा नारळांना आणि दोन आंब्यांना घातलं, खोडापासून तीन फुटांवर आळं करून, वर माती ओढून. पालेभाजी, कोथिंबीर, मुळा, कांदा यांना हे खत घालायचं नाही.

खड्डा बंद केलेली तारीख झाकणावरच रंगानं लिहून ठेवा. दोन वर्षं पुरी झाल्याशिवाय उघडू नका. उघडल्यावर वास आला किंवा ओलं दिसलं तर परत झाका, सहा महिने थांबा.

दोन्ही खड्ड्यांत एकदम मैला जात असेल तर काही उपयोग नाही. कुंडीतली एक वाट पक्की बंद आहे ना, ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी गवंड्यानं दोन्ही उघड्या ठेवलेल्या असतात.

शांपूच्या पुड्या, पाती, कापड, प्लास्टिक संडासात टाकू नका. घरातल्या सगळ्यांना सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं दोन खड्ड्यांच्या, मुरलेल्या, कोरड्या खड्ड्याबद्दल आहे. सिमेंटच्या बंद सेप्टिक टाकीत कुणीही उतरायचं नाही, तुम्हीही नाही आणि पैसे देऊन दुसऱ्यालाही उतरवायचं नाही. तिच्यात विषारी वायू असतो, एक जण पडला की त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. तिला यंत्राचा टँकरच बोलवायचा. बाटली देऊन माणूस बोलवायचा नाही.

नारळांना पाणी दिलंय. पावसाळ्यानंतर फरक काय दिसतो ते लिहीन.